‘मंडळी’ : मराठी ख्रिस्ती लेखनातील एका शब्दाचा संसार

नव्या करारातील पौलाची पत्रे मराठीत वाचताना एक शब्द वारंवार भेटतो : ‘मंडळी’. करिंथ येथील मंडळी, एखाद्याच्या घरी जमणारी मंडळी, ख्रिस्ताची मंडळी. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र आणलेल्या नागरिकांची सभा असा होता. कॅथलिक परंपरेने मराठीत ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द रूढ केला. तो मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे. प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी मात्र ‘मंडळी’ हा शब्द स्वीकारला आणि त्याबरोबर मराठी घराचा सारा आवाज त्या पवित्र ग्रंथात येऊन बसला. पंगतीला मंडळी बसते, लग्नाला मंडळी येते, रात्री ‘मंडळी झोपली’ असे आपण घराविषयी बोलतो. सभा विसर्जित होते. मंडळी घरीच असते.

या शब्दाचे व्याकरणही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘मंडळी जमली’ म्हणताना तो स्त्रीलिंगी एकवचनी असतो. तोच बोलताना ‘मंडळी आली आहेत’ असा अनेकवचनाकडे झुकतो, आणि दोन्ही प्रयोग आपल्या कानाला खटकत नाहीत. अनेकांचे एकपण आणि एकातील अनेकपण सांगण्यासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्राने शतकानुशतके जे श्रम घेतले, ते मराठी भाषेत या एका नामाच्या वचनात सहज सामावलेले दिसतात. पौलाने याच प्रश्नासाठी दोन प्रतिमा योजल्या. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील शरीर व अवयव ही एक, आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील देवाचे घराणे ही दुसरी. मराठी ख्रिस्ती लेखनाने पहिलीपेक्षा दुसरी प्रतिमा अधिक जवळ केली, असे माझे मत आहे. याचे कारण उघड आहे. महाराष्ट्रात धर्मांतर म्हणजे प्रथम घर सुटणे होते. ज्याचे घर सुटले त्याला अवयव होण्यापेक्षा घरचा होण्याची आस अधिक असणार.

ही घराची प्रतिमा मराठी लेखनात कोठे खरी ठरते आणि कोठे पोकळ राहते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सर्व पंथ, सर्व भाषा, सर्व वंश मिळून एकच आध्यात्मिक कुटुंब, असे विधान उपदेशाच्या ग्रंथांत विपुल सापडते. त्यावर शंका घेण्याचे साहित्यसमीक्षेला कारण नाही. तसेच केवळ त्या विधानामुळे एखाद्या कृतीला मोल येते असे मानण्याचेही कारण नाही. कुटुंबाची परीक्षा ताट, पाणी आणि चूल यांपाशी होते. ज्या लेखकांनी ती तेथे होऊ दिली, त्यांचे लेखन टिकले.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये रायतूर येथे आपला ओवीबद्ध ग्रंथ छापला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या भाषेविषयी, मराठीच्या त्यातील गौरवाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याची येथे पुनरुक्ती नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, हे पुराण एका मागणीतून उगवते. नवख्रिस्ती श्रोता पाद्री-गुरूपाशी पुराणाची मागणी करतो, कारण जुनी पुराणे सोडल्यावर त्याचे घर श्रवणाच्या दृष्टीने रिते झाले आहे. स्टीफन्स ही पोकळी ओळखतात, आणि याच ओळखीत त्यांचे कवित्व आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या शब्दयोजनेची. परमेश्वर आणि वैकुंठ हे शब्द त्यांनी निःसंकोचपणे घेतले. धर्मसंस्थेचे संस्कार व व्यवहार सांगताना मात्र पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे शब्दच पुढे केले. देव मराठी झाला, स्वर्ग मराठी झाला, संस्था परकी राहिली. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या पुढील इतिहासाशी हे विलक्षण जुळते. तेथे एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांत बामण आणि चारडो हे भेद शिल्लक राहिले, आणि चर्चशी संलग्न बंधुसंघही जातीनुसार विभागले गेले. ‘बंधुसंघ’ या शब्दातील ‘बंधु’ला एवढा कमी अर्थ क्वचितच उरला असेल.

तरीही या ग्रंथाच्या वाट्याला एक आश्चर्यकारक कुटुंब आले. त्याच्या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी तो तगवला, आणि १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळूरला, जोसेफ साल्ढाणा यांच्या संपादनाने. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि कन्नड मुलखात राहणाऱ्या कॅथलिकांनी मराठी पुराण जपले. भाषावार प्रांतांच्या मोजपट्टीने वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांची येथे थोडी अडचण होते, आणि ती व्हावी हे बरे.

पंडिता रमाबाईंच्या रूपाने हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. बा. शहा यांनी संपादित केला व १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. पत्रे इंग्रजीत आहेत. पण त्यांतील एक शब्द मराठी आहे आणि तोच मला कळीचा वाटतो. रमाबाई जेराल्डीनबाईंना ‘आजीबाई’ म्हणतात. आईवडील व बहीण दुष्काळात गमावलेली, पुढे भाऊ आणि पतीही गेलेले, पदरात लहान मुलगी असलेली ही स्त्री परक्या देशातील संन्यासिनीला मराठी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीचे नाव देते. आध्यात्मिक कुटुंबाचा याहून बोलका पुरावा कोणत्याही प्रवचनात मिळणार नाही.

पण आजीबाई म्हणजे अधिकारही. जेराल्डीनबाईंची अपेक्षा होती की नातीने ऐकावे. इंग्लंडच्या चर्चची मतप्रणाली, त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसचा मतांगीकार यांविषयी रमाबाई प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा पत्रांचा सूर बदलतो. नात उद्धट आहे, अहंकारी आहे, असे आजीबाईंना वाटू लागते. इकडे रमाबाई स्पष्टपणे सांगतात की भारतातील पुरोहितवर्गाचे जू त्यांनी महत्प्रयासाने फेकून दिले आहे, तसेच दुसरे जू मानेवर घेण्यास त्या तयार नाहीत. ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत त्या स्वतःला मोजतात. एखाद्या पंथाच्या नोंदवहीत नाव घालण्याची घाई त्यांना नाही. क्रुसावर कोरावयाच्या मजकुराविषयीचा वाद तर मुळातून वाचावा असा आहे. लॅटिन मजकूर रमाबाईंना नको होता. संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असे कोणते अधिक पावित्र्य आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि संस्कृतचा आग्रह ती देवभाषा म्हणून नसून आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून आहे, हेही त्या बजावतात. रोमच्या चर्चने लॅटिनऐवजी लोकभाषांना उपासनेत मोकळीक दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयाने. रमाबाई त्या पंथाच्या नव्हत्या, तरी त्यांचा प्रश्न त्या दारापर्यंत पोहोचायला ऐंशी वर्षे लागली, असे म्हणण्याचा मोह होतो.

या पत्रव्यवहाराकडे आपले समीक्षक बहुधा वैचारिक चरित्राचे साधन म्हणून पाहतात. मला तो कौटुंबिक कादंबरीसारखा वाटतो. दोन्ही बाजूंचे प्रेम खरे आहे आणि त्या प्रेमाखालून सत्तेचा एक कठीण खडक सतत लागतो. गोरी आजी आणि सावळी नात यांच्यात समता नव्हती. ‘आपण सारी एकाच घरची’ या वाक्याने ती विषमता झाकता येत होती, आणि रमाबाईंनी ती झाकू दिली नाही. तथापि त्यांनी नातेही तोडले नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी स्वतःचे वेगळे घर उभारले, तेव्हाही पत्रे चालू राहिली. त्या घरातील स्त्रियांना सहज कळावे म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये संपूर्णपणे बाहेर पडले.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे वळू. कारण या विषयाचा गाभा ‘स्मृतिचित्रे’मध्येच आहे. जुन्या मराठीत ‘मंडळी’ या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत. ‘कुटुंब’ हा शब्दही त्याच अर्थाने चाले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते एका मंडळीत गेले आणि त्यांची मंडळी मागे राहिली. भाषेतला हा श्लेष लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात चार-पाच वर्षांचा वनवास होऊन उतरला.

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची रचना वरवर पाहता सैल आहे. आठवणीतून आठवण निघते, विनोद होतो, प्रसंग संपतो. परंतु आरंभ आणि पुढील भाग एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की एक पक्की बैठक दिसते. पुस्तक सुरू होते ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून. बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घेणारे, स्पर्शाच्या भयाने साऱ्या घराला वेठीस धरणारे ते सोवळे आहे. लेखिका त्याची हसत हसत नोंद करते. पण त्या घरातील मुलांची भूक आणि धास्ती वाचकापासून लपत नाही. ज्या घरात बाहेरचे काहीच आत येऊ शकत नाही अशा घरात वाढलेली ही मुलगी पुढे अशा घराची गृहिणी होते, जेथे दुष्काळातील अनाथ मुले, प्लेगचे रोगी, पाहुणे, विद्यार्थी, कोणीही केव्हाही आत येतो. ‘स्मृतिचित्रे’ची कथा धर्मांतराची आहे असे आपण म्हणतो. माझ्या मते ती उंबरठ्याची कथा आहे.

आणि हा उंबरठा ओलांडण्याचा क्रम फार अर्थपूर्ण आहे. टिळकांकडे परत आल्यावर लक्ष्मीबाई ख्रिस्ती वस्तीतच आपली चूल वेगळी ठेवतात, पाणी वेगळे ठेवतात. नवऱ्याच्या धर्माविषयी कोणी त्यांना सिद्धांत पटवून देत नाही; दिलेच तर त्या त्यांची टर उडवतात. पुढे एके दिवशी जातीचा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उभा राहतो : ही देवाने केली की माणसाने? माणसाने केली, असे मनाशी ठरताच त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी जात गेली, मग धर्म बदलला. भारतातील कित्येक ठिकाणी, आपण गोव्यात पाहिले त्याप्रमाणे, हाच क्रम उलटा होता, आणि दुसरी पायरी पुष्कळदा आलीच नाही. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मंडळीत प्रवेश म्हणजे प्रथम पाण्याच्या भांड्याला लागणारा हात बदलणे होय. इतकी मोठी गोष्ट त्या इतक्या साध्या वाक्यांत सांगतात की वाचक पुढच्या गमतीकडे निघून जातो आणि दोन पानांनंतर थबकतो.

टिळकांचे स्वतःचे काव्य या कसोटीला दर वेळी उतरत नाही. त्यांची भजने व अभंग मराठी प्रॉटेस्टंट उपासनेचा कणा आहेत. ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे ती वेगवेगळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत गायिली जातात, आणि जेथे मतप्रणाली वेगळ्या आहेत तेथेही चाल एकच असते. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या उत्कट रचनांत वारकरी लडिवाळपणा खरोखरच आहे. तथापि बंधुत्वाचा थेट उद्घोष करणाऱ्या त्यांच्या कवितांत शब्द सैलावतात, आवाहनच उरते. फुले आणि मुले यांच्यावर लिहिताना जो कवी एवढा नेमका असतो, तो ‘बंधूंनो’ म्हणताच वक्ता होतो.

त्यांची कुटुंबकल्पना कवितेपेक्षा कृतीत अधिक धाडसी होती. बाप्तिस्मा एतद्देशीय पाळकाच्याच हातून व्हावा हा त्यांचा आग्रह त्याचे पहिले चिन्ह. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुवर्ग होता. म्हणजे घराचे दार कोठे आहे, हाच प्रश्न त्यांनी नव्याने विचारला. मंडळीच्या नोंदवहीत नाव नसलेला मनुष्य मंडळीचा असू शकतो का? रमाबाईंनी हा प्रश्न पंथांच्या संदर्भात विचारला होता. टिळक तो संस्काराच्या संदर्भात विचारतात, आणि तो अधिक अडचणीचा आहे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या स्त्रीला या कवीनेच अक्षरओळख करून दिली, तिने त्याच्या महाकाव्याचा मोठा भाग लिहावा, यातही एक कुटुंब आहेच. काव्य म्हणून मात्र ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या जवळपासही येत नाही.

संस्थांच्या पातळीवर पुढे बरेच घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरांची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट एका छत्राखाली आले. दक्षिण आशियातील मोठी मेथडिस्ट मंडळी मात्र बाहेर राहिली. परदेशांतील जुन्या भांडणांची नावे मराठी खेड्यांतून पुसण्याचा हा प्रयत्न मोठाच होता. मराठी साहित्यात त्याचे पडसाद शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. एकीकरणाने ठराव निर्माण केले, कादंबरी निर्माण केली नाही. कदाचित घटनेच्या कलमांनी होणारी एकी ललित लेखकाला चाळवत नसावी.

वसईच्या कॅथलिक लेखनाने याच काळात दुसरी वाट काढली. तेथे सामवेदी बोली बोलणारे कुपारी आहेत, वाडवळ आहेत, किनाऱ्यावरचे कोळी आहेत. बोलीगणिक लग्नाची गाणी वेगळी, पोशाख वेगळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून, ‘सुबोध बायबल’मधून, आणि हरित वसईच्या चळवळीतूनही, या वैविध्याला प्रमाण मराठीच्या मोठ्या अंगणात आणले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा एका पाद्र्याच्या निवडीला काहींनी विरोधही केला. चारशे वर्षांपूर्वी मराठीचा गौरव गाणारा पाद्री आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणांत असताना हा विरोध व्हावा, हे आपल्या वाचनाविषयी बरेच काही सांगून जाते. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्या गद्यात संघर्षापेक्षा सामंजस्य अधिक आहे. क्वचित ते फार लवकर येते.

एक उणीव मात्र या साऱ्या परंपरेत राहून गेली आहे. बाबा पदमनजी, रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई : ज्यांच्या लेखनावरून आपण ख्रिस्ती मंडळीचे चित्र रेखाटतो, ते बहुतेक वरिष्ठ जातींतून आलेले. प्रत्यक्षात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील खेडोपाडीच्या मंडळ्या मुख्यतः महार व मांग समाजांतून उभ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही माणसे येतात, प्रेमाने येतात, पण ती ज्या घरात येतात ते घर लक्ष्मीबाईंचे असते, आणि जात टाकण्याचा निर्णयही त्यांचाच असतो. ज्याच्या हातचे पाणी घेतले गेले त्याला त्या क्षणी काय वाटले, हे पुस्तक सांगत नाही. आत्मचरित्राकडून ती अपेक्षा करणेही न्याय्य नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. ख्रिस्ती दलित अजूनही बाहेर आहेत. मंडळी म्हणते आमच्यात जात नाही, शासन म्हणते तुमच्यात जात नाही, आणि गावाच्या विहिरीवर ती असते. मराठी दलित आत्मकथनांच्या विपुल चर्चेत या माणसाचा स्वर क्वचितच ऐकू येतो. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा पट परिश्रमपूर्वक मांडून ठेवला आहे. त्या पटावरील खेड्यांतल्या मंडळ्यांची भजनांची वह्या-बाडे, पाळकांच्या रोजनिश्या, ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतील वाचकांची पत्रे यांचे वाचन अजून व्हावयाचे आहे. त्यांत लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी पाहुणा म्हणून बसलेल्या कोणाची तरी साक्ष सापडली, तर ‘स्मृतिचित्रे’ तिच्याशेजारी ठेवून पुन्हा वाचावे लागेल.